स्पोर्ट्स कारचं तेलपाणी: इंजिन, गिअरबॉक्स आणि सगळ्यात आधी क्लच ऑइल

मागच्या जुलैमध्ये माजिवड्याच्या पुलाखाली माझी गाडी बंद पडली, म्हणजे इंजिन व्यवस्थित चालू होतं पण क्लच गेला. घोडबंदरकडून येणारे कंटेनर, पाऊस, वीस-पंचवीस मिनिटं नुसतं पहिला गिअर, न्यूट्रल, पहिला गिअर चाललेलं आणि एका क्षणी पेडल खाली गेलं ते वर आलंच नाही. बुटाच्या टोकाने ते वर ओढून घेतलं, परत दाबलं तर स्पंजवर पाय ठेवल्यासारखं. हझार्ड लावले, चहाच्या टपरीवरची दोन पोरं धावत आली, त्यांनी धक्का मारून गाडी कडेला घेतली. तासाभराने गाडी थंड झाल्यावर पेडल आपोआप बरंच ठीक झालं आणि मी जीव मुठीत धरून घरी आलो.

घरी आल्यावर बॉनेट उघडून क्लच ऑइलच्या छोट्या टाकीचं झाकण काढलं तर आत काळा कोरा चहा. मग सर्व्हिसिंगची सगळी बिलं काढून बसलो. इंजिन ऑइल दर वर्षी, एसी फिल्टर दर वर्षी, आणि क्लच ऑइल तीन पावसाळे झाले तरी एकदाही नाही. मी कधी सांगितलंच नव्हतं आणि सांगितल्याशिवाय ते कोणी करत नाही. त्या दिवसापासून हे काम मी स्वतः करतो, आणि आपल्याकडे ठाणे-नवी मुंबईत ज्यांच्याकडे मॅन्युअल स्पोर्ट्स कार आहे त्या सगळ्यांनी हे शिकून घ्यावं असं मला मनापासून वाटतं, म्हणून इतकं सविस्तर लिहितोय.

माझी गाडी निस्सान ३७०झेड, ३.७ लिटरचं व्ही६ इंजिन, सहा गिअर, मागची चाकं फिरवणारी. आकडे देईन ते हिच्यासाठीचे, पण पद्धत बहुतेक मॅन्युअल गाड्यांना तीच, फक्त तुमच्या गाडीचं मॅन्युअल शेजारी उघडून ठेवा.

क्लच ऑइल खराब का होतं

आपण ज्याला ब्रेक ऑइल म्हणतो तेच क्लचला लागतं. पेडल दाबलं की मास्टर सिलिंडर ते ऑइल पाइपमधून ढकलतो, दुसऱ्या टोकाला स्लेव्ह सिलिंडर असतो, तो बेअरिंग पुढे सरकवतो आणि क्लच प्लेट सुटते. ऑइल दाबलं जात नाही म्हणून हे सगळं चालतं. त्यात वाफ किंवा हवा शिरली की ती मात्र दाबली जाते, आणि मग पाय खालपर्यंत गेला तरी प्लेट पूर्ण सुटत नाही.

हे ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं, तो त्याचा स्वभावच आहे. रबरी होजमधून, झाकणातून, हळूहळू पाणी मुरत जातं. ताज्या डॉट ४ (डॉट ३, ४, ५.१ हे ब्रेक ऑइलचे ठरलेले दर्जे) ऑइलचा उकळबिंदू कमीत कमी २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, पण त्यात साधारण ३.७ टक्के पाणी मुरलं की किमान मर्यादा १५५ वर येते. डॉट ३ चं २०५ वरून १४०. आता खाडीकाठचं आपलं शहर, चार महिने भिंतींना बुरशी, कपाटातल्या चपलांना बुरशी, ते पाणी गाडीच्या ऑइलला कसं सोडेल. त्यात स्लेव्ह सिलिंडर क्लचच्या शेजारी, एक्झॉस्टही जवळून गेलेला, समोरून वारा लागत नाही कारण आपण जाममध्ये उभे, आणि दर दहा सेकंदांनी क्लच दाबतोय. माझं पेडल गरम असताना गेलं आणि थंड झाल्यावर परत आलं, यावरूनच कळतं की आत मुरलेल्या पाण्याची वाफ झाली असणार.

दुसरी गोष्ट म्हणजे हे ऑइल इंजिन ऑइलसारखं फिरत नाही. पेडल दाबलं की ते थोडंसं पुढे जातं आणि तेवढंच मागे येतं. म्हणजे स्लेव्हजवळचं ऑइल तिथेच भाजत बसतं, सिलच्या रबराची झीज त्यात मिसळते आणि ते काळं होतं. टाकीत वरून दिसतं त्यापेक्षा खाली नेहमी जास्त खराब असतं हे लक्षात ठेवा.

आणि माझ्या गाडीसारख्या बऱ्याच गाड्यांत स्लेव्ह सिलिंडर गिअरबॉक्सच्या बाहेर नसतो, बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या, क्लच झाकणाऱ्या कवचाच्या) आत इनपुट शाफ्टभोवती गोल बसवलेला असतो. त्याचं सिल गेलं तर गिअरबॉक्स उतरवायला लागतो. एका बाजूला पाचशे रुपयांच्या आतली ऑइलची बाटली आणि रविवारची सकाळ, दुसऱ्या बाजूला गिअरबॉक्स खाली. एवढा हिशोब पुरेसा आहे.

आधी तपासून घ्या

इंजिन गरम झाल्यावर सपाट जागेवर गाडी उभी करा, क्लच पूर्ण दाबा, तीन-चार सेकंद थांबून रिव्हर्स टाका. कर्र आवाज आला किंवा गिअर अडला तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. मग क्लच दाबलेला ठेवूनच पहिल्या गिअरमध्ये ब्रेकवरचा पाय हलका करा, गाडी सरकू लागली तर तेच दुखणं. पेडल कुठे पकडतं तेही बघा, महिन्यापूर्वी मध्यावर पकडत होतं आणि आता जमिनीला टेकता टेकता पकडतंय म्हणजे हवा, पाणी किंवा गळती यातलं काहीतरी आहे. उलट चौथ्या गिअरमध्ये कमी आरपीएमला अॅक्सिलरेटर दाबल्यावर आरपीएम चढतोय पण स्पीड वाढत नाही असं असेल तर क्लच प्लेट संपत आलीय, ऑइल बदलून ती बरी होणार नाही, उगाच आशा धरू नका.

मग टाकी बघा. माझ्या गाडीत ती ब्रेकच्या टाकीपासून वेगळी, ड्रायव्हरच्या बाजूला फायरवॉलजवळ, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीजवळ, प्लास्टिकच्या कव्हरखाली आहे. बऱ्याच गाड्यांत ब्रेक आणि क्लचची टाकी एकच असते, तिथे तर जास्तच सांभाळून, कारण लेव्हल खाली गेली तर हवा ब्रेकच्या लाइनमध्येही जाऊ शकते. रंग मधासारखा असेल तर छान. चहासारखा असेल तर बदलायची वेळ झालीय, आणि काळा असेल तर आधीच उशीर झालाय. लेव्हल कमी असेल तर नुसतं वरून भरून झाकण लावू नका. पेडलच्या मुळाशी, डॅशबोर्डखाली हात घालून मास्टर सिलिंडरच्या रबरी बुटाला बोट लावा, ओलं लागलं तर मास्टर गळतोय. गाडीखाली बेल हाउसिंगच्या तळाला ओल दिसली आणि ती इंजिन ऑइलसारखी तेलकट न वाटता पातळ, पाण्याने सहज धुतली जाणारी असेल तर स्लेव्ह गळतोय, तिथे हा लेख उपयोगाचा नाही, थेट चांगल्या मेकॅनिककडे.

कुठलं ऑइल घ्यायचं

झाकणावर लिहिलेलं असतं. डॉट ३ लिहिलं असेल तिथे डॉट ४ चालतं, दोन्ही एकाच जातीची. मी डॉट ४ वापरतो. डॉट ५.१ पण याच जातीचं आहे, त्याचा उकळबिंदू अजून वर म्हणजे किमान २६०, पण दर वर्षी बदलणार असाल तर रस्त्यावरच्या गाडीला त्याची गरज नाही. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं, नाव सारखं वाटतं म्हणून चुकूनही भरू नका, ते यात मिसळत नाही. काही युरोपियन गाड्यांत क्लचला ब्रेक ऑइल नसतंच, पोर्शे ९११ च्या ९९६ पिढीच्या टर्बोमध्ये क्लचला पेंटोसिन नावाचं वेगळं हायड्रॉलिक ऑइल लागतं, तसल्या सिस्टीममध्ये ब्रेक ऑइल पडलं तर सगळी सिलं फुगून वाया जातात. म्हणून झाकण वाचा, मग बाटली घ्या.

बाटली सीलबंद आणि लहान घ्या. गॅरेजच्या फळीवर सहा महिने अर्धी उघडी पडलेली बाटली म्हणजे बाटलीतच मुरलेलं पाणी. अर्धा लिटर एका वेळेला भरपूर होतं, उरलेलं पुढच्या वर्षी वापरायचं नाही.

मी हे काम दसऱ्यानंतर दिवाळीच्या आत करतो. पाऊस गेलेला असतो, हवा पावसाळ्यापेक्षा कोरडी असते, आणि दसऱ्याला गाडी धुऊन झेंडूचा हार घालताना बॉनेट उघडलं की आठवणही होते. पण ऑइल काळं असेल तर दसऱ्याची वाट बघू नका.

प्रत्यक्ष काम: दोन माणसं लागतात

सामान: सीलबंद डॉट ४, मेडिकलमधून आणलेली ५० मिलीची सिरिंज, फिश टँकला वापरतात तसली दोन फूट पारदर्शक नळी, एक रिकामी पाण्याची बाटली, निपलच्या (एअर काढायच्या छोट्या पोकळ स्क्रूच्या) मापाचा रिंग पाना, रबरी ग्लोव्ज, भरपूर फडकी, आणि एक बादली पाणी. पाणी कशाला ते सांगतो, हे ऑइल रंगावर पडलं की रंग सोलून काढतं. थेंब पडला की पुसायचा नाही फक्त, लगेच पाण्याने धुवायचा. मी फेंडरवर जुनी बेडशीट टाकून वर प्लास्टिक टाकतो.

गाडी जमिनीलगत असल्यामुळे जॅक सरळ जात नाही. आधी चाकाखाली दोन इंच जाडीची फळी घेऊन गाडी त्यावर चढवा, मग जॅक आत जातो. जॅकवर उचलल्यावर घोड्या (गाडीचा भार पेलणारे स्टँड) लावा, मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागेवरच, आणि गाडीला जोरात हलवून बघा. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणी गाडीखाली जाऊ नये, दोन मिनिटांसाठीसुद्धा नाही. सोसायटीच्या स्टिल्टमध्ये करत असाल तर जागा खरंच सपाट आहे का बघा, बऱ्याच ठिकाणी पाणी वाहून जावं म्हणून उतार ठेवलेला असतो, तो डोळ्याला दिसत नाही पण जॅकला कळतो.

टाकीच्या आजूबाजूची धूळ आधी पुसा आणि मग झाकण उघडा. सिरिंजने जुनं ऑइल ओढून काढा, तळाला गाळ असेल तर धागे न सुटणाऱ्या फडक्याने टिपून घ्या. ताजं ऑइल मॅक्सपर्यंत भरा. हे आधी करायचं कारण नाहीतर टाकीतलं काळं ऑइल आपण पूर्ण पाइपमधून फिरवत बसतो.

आता खाली. पाइप गिअरबॉक्समध्ये शिरतो तिथे एअर काढायचा पॉइंट असतो. काही गाड्यांत साधा निपल असतो, पाव फेरा फिरवला की उघडतो, काहींत क्लिपचा किंवा पिनेचा लॉक असलेला कनेक्टर असतो, लॉक दाबून पाइप किंचित बाहेर सरकवला की लाइन उघडते. तुमच्यात कुठला आहे ते खाली झोपायच्या आधी मॅन्युअलमध्ये बघून घ्या, खाली गेल्यावर डोळ्यात माती पडत असताना शोधत बसायची गोष्ट नाही ती. नळी निपलवर घट्ट बसवा आणि दुसरं टोक बाटलीत, बाटलीत आधीच थोडं ताजं ऑइल घाला म्हणजे टोक बुडालेलं राहील आणि हवा उलटी ओढली जाणार नाही.

माझ्याकडे वर सीटवर बाबा बसतात. त्यांनी तीस वर्षं जीप आणि अॅम्बेसेडर चालवलीय त्यामुळे त्यांना पाय कधी उचलायचा नाही हे सांगावं लागत नाही, पण तरी आम्ही शब्द ठरवून घेतलेत. मी खालून म्हणतो "बाबा, दाबा", ते सावकाश तीनदा दाबून चौथ्यांदा खाली धरून ठेवतात आणि वरून ओरडतात "धरलाय". मग मी निपल उघडतो, ऑइल नळीतून येतं, पेडल जमिनीला टेकतं, मी निपल बंद करतो, आणि बंद झाल्यावरच म्हणतो "सोडा". हा क्रम उलटला, म्हणजे निपल उघडा असताना पाय उचलला गेला, तर हवा आत जाते आणि सगळं पहिल्यापासून. सोडल्यावर पाच सेकंद थांबायचं, मग पुन्हा "दाबा". या गाडीच्या पेडलला एक मदतीची स्प्रिंग असते त्यामुळे दाब नसताना पेडल खालीच राहतं, घाबरायचं नाही, हाताने वर ओढायचं. जोरजोरात पंपिंग करू नका, ऑइलमध्ये फेस होतो आणि जुन्या मास्टरच्या सिलला ते सोसत नाही.

दर पाच वेळा झाली की थांबून टाकी बघा आणि भरा. मी पहिल्यांदा केलं तेव्हा सातव्या-आठव्या वेळेपर्यंत बोलण्याच्या नादात टाकी तळाला गेली आणि पुन्हा हवा शिरली, मग अजून अर्धा तास गेला. आता बाबांच्या हातात टॉर्च देतो, ते स्वतः उतरून बघतात.

नळीत आधी काळं येतं, अगदी काजळासारखे बारीक कण दिसतात, मग तपकिरी, मग एकदम फरक पडतो आणि मधाचा रंग दिसायला लागतो. तिथे थांबू नका, अजून चार-पाच वेळा करा कारण शेवटचं काळं स्लेव्हच्या कोपऱ्यात असतं. बुडबुडे पूर्ण थांबले पाहिजेत. निपल बंद करताना हलक्या हाताने, तो लहान असतो आणि आतून पोकळ असतो, करकचून आवळला तर तुटतो. रबरी टोपी परत लावा, जागा पाण्याने धुऊन पुसा, टाकी मॅक्सपर्यंत भरून झाकण लावा.

पेडल तरीही थोडं मऊ लागत असेल तर लगेच हात टेकू नका. आत बसवलेल्या गोल स्लेव्हमध्ये बारीक हवा अडकते. गाडी रात्रभर तशीच ठेवा, सकाळी इंजिन बंद असतानाच पेडल हाताने सावकाश चाळीस-पन्नास वेळा दाबा-सोडा, बारीक बुडबुडे टाकीकडे चढतात. पेडल बऱ्याचदा त्यानेच घट्ट होतं.

आणि खाली झोपायला जागा नसेल, किंवा दुसरं माणूसच नसेल, तर निदान टाकीतलं ऑइल सिरिंजने काढून ताजं भरा, पेडल पन्नास वेळा दाबा, आठवड्याने पुन्हा तेच. हा अर्धा उपाय आहे, खालचं ऑइल पूर्ण निघत नाही, पण काहीच न करण्यापेक्षा खूप बरा.

इंजिन ऑइल

हे बहुतेकांना माहीत असतं म्हणून फक्त जिथे चुका होतात तेवढं सांगतो. या इंजिनला ५डब्ल्यू-३० सिंथेटिक लागतं, फिल्टरसकट बदललं तर ४.९ लिटर. निस्सानने याच्यासाठी एस्टर असलेलं ऑइल सुचवलंय कारण व्हॉल्व्ह उघडण्याची यांत्रिक रचना गुंतागुंतीची आहे आणि तिथे घर्षण कमी लागतं. ऊन जास्त म्हणून जाड ऑइल भरा असा सल्ला ठाण्यात सर्रास मिळतो, मला तो पटत नाही, रोजच्या वापराच्या गाडीला पुस्तकातला ग्रेडच द्या.

इंजिन पाच-दहा मिनिटं चालवून कोमट करा, उकळतं नको. खालचं प्लास्टिक कव्हर काढताना क्लिप मोजून डबीत ठेवा. ड्रेन बोल्ट सुटायला आला की हाताने आत दाबून धरत फिरवा आणि शेवटी एकदम बाजूला घ्या म्हणजे ऑइल बाहीतून कोपरापर्यंत येत नाही. घमेलं मोठं ठेवा, ऑइल सुरुवातीला लांब उडतं. बोल्टचा वॉशर दर वेळी नवीन. बोल्ट ३४ न्यूटन मीटरला आवळायचा, टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरालाच आवळणारा पाना) नसेल तर विकत घ्या, कारण चेंबरचे, म्हणजे इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या भांड्याचे, आटे गेले तर मग फार मोठं काम होऊन बसतं आणि हाताच्या अंदाजाने आवळणाऱ्यांचेच आटे जातात.

नवीन फिल्टरच्या रबरी रिंगला बोटाने ताजं ऑइल लावा, जुन्या फिल्टरची रिंग इंजिनला चिकटून राहिली नाही ना ते डोळ्यांनी बघा, दोन रिंग एकावर एक बसल्या तर सगळं ऑइल रस्त्यावर. फिल्टर टेकेपर्यंत हाताने, मग दोन तृतीयांश फेरा. आधी साडेचार लिटर भरा, इंजिन मिनिटभर चालवा, बंद करून दहा मिनिटं थांबा आणि डिपस्टिक बघत उरलेलं घाला.

मी ७००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल तेव्हा बदलतो. गाडी वर्षाला तीनच हजार चालते म्हणून दोन वर्षं ओढू नका. रविवारी येऊरच्या गेटपर्यंत जाऊन परत असे छोटे फेरे झाले की इंजिन नीट तापत नाही, आतला ओलावा आणि पेट्रोल ऑइलमध्येच राहतं.

गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल

डिफरन्शियल म्हणजे मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा. हे मी घरी करत नाही. कारण गाडी चारही बाजूंनी सपाट उचलावी लागते, नाहीतर लेव्हल चुकते. वागळे इस्टेटमध्ये लिफ्ट असलेली छोटी गॅरेज आहेत, नवी मुंबईत तुर्भ्याच्या बाजूला आहेत, आपलं ऑइल आपण घेऊन जायचं आणि शेजारी उभं राहून करून घ्यायचं.

जायच्या आधी गाडी वीस-तीस मिनिटं चालवा, मी ऐरोली पूल ओलांडून पाम बीच रोडला एक चक्कर मारतो, ऑइल गरम आणि पातळ झालं की नीट निथळतं.

पहिला नियम असा की आधी वरचा, म्हणजे भरायचा प्लग उघडा. तो उघडला तरच खालचा उघडायचा. खालून सगळं ऑइल काढलं आणि मग वरचा प्लग गंजून अडकलेला निघाला तर गाडी लिफ्टवरून हलवता येत नाही. मेकॅनिक घाईत असला तरी त्याला थांबवून सांगा, "दादा, आधी वरचा सोडा".

या गिअरबॉक्सला ७५डब्ल्यू-८५ जीएल-४ (जीएल म्हणजे गिअर ऑइलचा प्रकार) लागतं, तीन लिटर घेऊन जा, पुरतं. डिफरन्शियलला ७५डब्ल्यू-९० जीएल-५ सिंथेटिक, दोन लिटर न्या, दीड लिटरच्या आत बसतं. बाटल्यांची अदलाबदल होऊ देऊ नका. जीएल-५ मध्ये जास्त दाब झेलणारी सल्फरची रसायनं असतात, डिफरन्शियलच्या दातांना ती हवीच असतात, पण गिअरबॉक्सच्या पितळी सिंक्रोला (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या रिंगांना) ती खाऊ शकतात, आणि ऑइल जास्त निसरडं असल्यामुळे सिंक्रोची पकडही बिघडते, मग दुसरा गिअर खरखरायला लागतो. एका गॅरेजमध्ये "जीएल-५ म्हणजे वरचा दर्जा, तेच टाकू" असं मला सांगितलं होतं. जीएल-५ हा चारच्या वरचा नंबर नाही, वेगळ्या कामाचं ऑइल आहे, आणि हे मी हात जोडून सगळ्यांना सांगतो.

भरताना ऑइल वरच्या भोकाच्या खालच्या कडेतून ओघळायला लागलं की थांबायचं, तीच लेव्हल. ड्रेन प्लगला चुंबक असेल तर त्यावर करड्या पेस्टसारखा थर दिसेल, तो बोटांत चोळून बघा. मऊ लागला तर ती नेहमीची झीज. टोचणारे तुकडे, नखाएवढे कण दिसले तर फोटो काढून ठेवा आणि जाणकाराला दाखवा. डिफरन्शियल प्लेटवालं एलएसडी (एकच चाक घसरून फिरू न देणारा प्रकार) असेल तर त्याचं वेगळं अॅडिटिव्ह लागतं, व्हिस्कस प्रकारचं असेल तर लागत नाही.

मी हे दोन्ही ४०,००० किलोमीटरच्या आत बदलतो. क्लच नीट सुटत नव्हता त्या काळात गिअरबॉक्सला बराच त्रास झालेला असणार म्हणून मागच्या वेळी तर लवकरच केलं, आणि थंडीत सकाळी दुसरा गिअर टाकतानाचा जडपणा खरंच गेला.

छोटं छोटं ग्रीसिंग

क्लचच्या पेडलची वरची पिन पावसाळ्यात किरकिरते. सीट पूर्ण मागे घेऊन, डोकं पेडलपाशी घालून, टॉर्च लावून ती पिन शोधा, पुसून मटाराएवढं लिथियम ग्रीस लावा. पुशरॉड जिथे पेडलला जोडलेला असतो तिथेही थोडंसं. डब्ल्यूडी-४० मारून काम उरकू नका, ते गंज सोडवायला चांगलं आहे पण टिकणारं वंगण नाही, जुनं ग्रीस मात्र धुऊन नेतं आणि आठवड्यात किरकिर परत येते.

दाराच्या बिजागऱ्या आणि लॅचला लिथियम, रबरी बीडिंगला सिलिकॉन. या गाडीच्या दारांना काचेभोवती फ्रेम नाही, काच थेट रबरावर बसते, त्यामुळे पावसाळ्याआधी रबराला सिलिकॉनचा हात फिरवला नाही तर ते चिकटतं, फाटतं आणि पाणी आत येतं. रबराला पेट्रोलियमचं ग्रीस लावू नका, रबर फुगतं. बॅटरीच्या टर्मिनलला व्हॅसलिन. आणि कुठलाही स्प्रे चाकांच्या जवळ मारताना डिस्कवर फडका टाका.

जुनं ऑइल

गटारात ओतायचं नाही, झाडांच्या आळ्यात नाही, आणि कचरागाडीत बाटली भरून टाकायची पण नाही. २०१६ च्या घातक कचरा नियमांत वापरलेलं ऑइल येतं, ते नोंदणी असलेल्या रिसायकलरकडेच जायला हवं. मी रिकाम्या कॅनमध्ये भरून, वर लेबल लावून, जिथे ऑइल गोळा करून रिसायकलरला देतात अशा गॅरेजला नेऊन देतो. ब्रेक ऑइल वेगळ्या बाटलीत, इंजिन ऑइलमध्ये मिसळायचं नाही. फरशीवर सांडलं तर वर लाकडाचा भुसा टाकून रात्रभर ठेवा आणि सकाळी झाडून घ्या, सोसायटीने परत काम करू द्यावं असं वाटत असेल तर डाग राहता कामा नये.

काम झाल्यावर बॉनेटच्या आतल्या बाजूला एक पट्टी चिकटवून त्यावर तारीख आणि किलोमीटर लिहा, क्लच ऑइलसाठी वेगळी ओळ. मग दहा-पंधरा मिनिटं गाडी चालवा, जाममध्ये नाही, कोलशेतच्या आतल्या रस्त्यांवर सकाळी लवकर, प्रत्येक गिअर सावकाश, रिव्हर्ससकट. परत आल्यावर गाडीखाली फ्रिजच्या खोक्याचा मोठा पुठ्ठा पसरा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी पुठ्ठ्यावर थेंब कुठे पडलाय ते बघा: पुढे चेंबरखाली असेल तर ड्रेन बोल्ट किंवा फिल्टर, मध्ये असेल तर निपल, मागे असेल तर डिफरन्शियलचा प्लग. क्लचची टाकी परत उघडू नका, बाहेरूनच लेव्हलची रेघ बघा. आठवडाभर रोज सकाळी एकदा बघा, आणि रेघ जागेवर असेल तर गाडी ऑफिसला घेऊन जा.